कानात सांगायचा शब्द

पान लागलेल्या माणसावरचा मंत्र (साप हे नाव त्या घरात कोणी घेत नसे) ग्रहण लागल्यावर घरच्या सुनेच्या कानात सांगायचा आणि मोठ्याने कधी उच्चारायचा नाही, हा म्हसवडजवळच्या त्या घराचा चार पिढ्यांचा नेम होता. लीलाबाईंची ब्याऐंशी सरली होती. सून आधीच गेलेली. मंत्र आपल्याबरोबर सरणावर जाऊ नये, एवढ्यासाठी त्यांनी दिवाळीतल्या ग्रहणाला नातू यशराजची बायको साक्षी हिला ओलेत्याने समोर बसवले.

"नीट ऐक. एक अक्षर चुकलं तर माणूस हातचं जातं."

त्यांनी तिच्या कानाशी ओठ नेले. "मलगु कंदा, मलगु."

साक्षी माहेरची जतची. ती चमकून मागे सरली.

"आजी, ह्याचा अर्थ ठावं हाय तुमास्नी?"

"मंत्राला अर्थ इचारत न्हाईत. थोरल्या सासूला सिद्धनाथानं सपनात दिलाय."

"त्या कुठल्या हुत्या?"

"विजापूरकडच्या. तुला काय करायचंय?"

"आवं, हे कानडी हाय. आमची आई पाळण्यापाशी म्हणायची. झोप बाळा, झोप." साक्षीचा आवाज खाली आला. "त्यांच्याच पोराला पान लागलं असंल. हातात दुसरं काय नसंल, तवा म्हटलं असंल."

लीलाबाईंच्या सहा वर्षांच्या लालासाहेबाला उसात पान लागले, तेव्हा कारखान्याची जीप दारात उभी होती. 'आमच्या घरात मंत्र हाय,' असे सांगून त्यांनीच ती परत पाठवली होती. मग पोर मांडीवर घेऊन त्या मंत्र म्हणत राहिल्या. आपलाच उच्चार कुठेतरी चुकला, या समजुतीने त्यांनी पन्नास वर्षे शनिवारी मीठ सोडले होते.

उच्चार चुकला नव्हता. पोर सांगितल्याप्रमाणे झोपले होते.

"आजी, मी न्हाई म्हणत न्हाई," साक्षी हळूच म्हणाली. "तुमी सांगाल तसं चालवीन."

"दारात कुणीबी आलं, तर आधी यशराजला गाडी काढाय लावायची. थेट दवाखाना."

"आणि मंत्र?"

"गाडीत म्हण. मोठ्यानं म्हण, पोराला ऐकू जाईल असा."

आवाज नेहमीसारखाच हुकमी होता. ग्रहण सुटले, घरात आंघोळीची गडबड सुरू झाली, तरी लीलाबाई पाटावरून उठल्या नाहीत.