पेनाचे सोळा आवाज

आमच्या सरांना माझ्या हातची भाकरी चालते, चहा चालतो. सुई मात्र मोजून लागते. सर म्हणजे माझा नवराच, वसंतराव. अख्खं लातूर त्यांना सर म्हणतं म्हणून मीही म्हणते, आणि मी म्हणते तेव्हा त्यात काय असतं ते त्यांना बरोबर कळतं.

वीस वर्षं गणिताचा क्लास चालवला. एकेका बॅचला दोनशे पोरं बसायची. दोन वर्षांखाली साखरेनं यांचे डोळे नेले, बोटं बधिर केली. तोवर इन्सुलिन स्वतः भरायचे, स्वतः टोचायचे, मला बाटलीला हात लावू द्यायचे नाहीत. "तुला शून्य कुठं द्यावं ते कळत न्हाई," म्हणायचे. डोळे गेल्यावर माझ्यावाचून दुसरा हात कुठला होता? तर यांनी डॉक्टरांकडून ते नवं इन्सुलिनचं पेन लिहून घेतलं. त्याची मागची चकती फिरवली की एका युनिटला एकदा टक् वाजतं. चकती मी फिरवायची, टक्-टक् यांनी मोजायची. सोळा झाले की "बस," मग शर्ट वर. रोज सकाळी आणि संध्याकाळी हाच पाढा. सुंभ जळाला तरी पीळ गेला नाही.

भरवसा का नाही ते मला ठाऊक आहे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे आमचंही घर हललं. मांडणीवरची भांडी अंगावर आली. लाईट गेलेली. तीन वर्षांची आमची मृण्मयी अंथरुणात सापडेना, मी जमीन चाचपत तिला हाका मारत होते. हे दार उघडून पळाले. पोरगी पलंगाखाली जाऊन बसली होती, तिला ओढून काढलं आणि रस्त्यावर आले, तर हे खांबाला टेकून उभे. काखेत काय, टेस्ट सिरीजच्या पेपरांचा गठ्ठा. "मला वाटलं, तू मागनं येतीस," म्हणाले. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा तो विषय काढला, तेव्हा यांचं डोकं दुखलं.

यंदा बारावीचा निकाल लागला, त्या संध्याकाळची गोष्ट. गल्लीतल्या नव्या क्लासची पोरं चमकली म्हणून मिरवणूक निघाली. उघडी जीप, गुलाल आणि लई मोठा डीजे. ती वरात नेमकी आमच्याच चौकात अडकली. साडेसात वाजलेले, सुईची वेळ. खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

मी चकती फिरवायला घेतली तर हे ओरडले, "थांब. काही ऐकू येईना." थांबले. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. सुईशिवाय जेवता येत नाही. ताटातल्या भाकरी वाळल्या, यांचं पोट गुरगुरायला लागलं, पण डीजे काही हलेना. शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कर सोळा. पण आधी मृण्मयीची शपथ घे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणाची शपथ मागता, आणि कुणी मागायची ती? मी म्हणाले, "तिचं नाव तुम्ही घ्यायचं न्हाई."

खरं सांगते. त्या रागात मी चकती फिरवली ती थेट साठपर्यंत. त्याच्यापुढं ती जातच नाही. साठ युनिट गेले की माणूस झोपेतच संपतो, एवढं मला अडाणी बाईलाही कळतं. ऐकणारं कुणी नव्हतं. मी त्या आकड्याकडं बघत उभी राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही. मग एकेक करत चकती मागं आणली. सोळावर. "घेते शपथ," मी म्हणाले. यांनी शर्ट वर केला, मी सोळाच टोचले.

जेवणं झाली. मी मोरीत भांडी घासत होते, तर आत डब्याचं झाकण वाजलं. डोकावून बघितलं. सर ओट्याला टेकून मुठीमुठीनं साखर तोंडात कोंबत होते. वर्षानुवर्षं चहात साखरेचा दाणा न घेणारा माणूस. ओठांवरची साखर पुसत नव्हते, परत डब्यात हात घालत होते. यांना वाटलं होतं मी जास्त टोचून मारून टाकलं; त्याच्यावर साखर हाच उतारा. मला रडू आलं, आणि आपण या माणसासाठी रडतो याचाही लई राग आला.

सकाळी साखर चारशे बारा. मी आकडा वाचून दाखवला तर म्हणाले, "मुद्दाम कमी घातलंस. मला सडवायला बघतीस." यांनीच डॉक्टरांना फोन लावला, आकडा सांगितला, डब्याचं नाव नाही काढलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळचे सोळाचे बावीस करा.

संध्याकाळी गल्ली शांत होती. हे मान तिरकी करून बसले आणि मोजायला लागले. सोळा झाले. सतरा. अठरा. मागच्या महिन्यात यांनी दोन घास कमी खाल्ले, तर सोळावरच घामानं भिजून आडवे झाले होते. आज पोटात साखर नव्हती. सहा जास्त गेले तर उद्याची सकाळ काही दिसायची नाही, आणि मोजणी यांचीच असणार. मला कुणी बोल लावणार नव्हतं.

बावीस झाले. "बस," म्हणाले आणि शर्ट वर केला.

मी म्हणाले, "काल साखर खाल्ली तुम्ही."

"न्हाई."

"मी बघितलंय."

"न्हाई म्हटलं ना. घाल बावीस."

"खाल्ली म्हणा, मग घालते. बसा तसेच."

बसले. दहा मिनिटं शर्ट धरून बसले, जबडा आवळून. आयुष्यात कधी चूक कबूल केलेली नाही, फळ्यावरची सुद्धा. मग भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "मला वाटलं, तू जास्त घातलंस."

"घालणार होते," मी म्हणाले. "चकती साठपर्यंत नेली होती. मग परत आणली. त्या पहाटे दारापर्यंत तरी परत यायचं होतं तुम्ही."

मी चकती मागं फिरवली. टक्, टक्, सहा वेळा. यांचे ओठ हलले नाहीत. पहिल्यांदाच मोजलं नाही.

"किती झाले, ते विचारा," मी म्हणाले.

विचारलं नाही. शर्ट वर धरून बसून राहिले.