कुरडया, तिसरी खेप

दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्या सोसायटीला कुंपणाची भिंत तीनच बाजूंनी होती. चौथी बाजू बिल्डरने 'बस, हो जाएगा' म्हणत दोन वर्षं तशीच ठेवली होती, आणि तिथून पलीकडच्या गावातल्या म्हशी, कोंबड्या नि शेळ्या स्वतःचंच घर असल्यासारख्या ये-जा करत. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या रेवतीला त्याचं कौतुक वाटे. मे महिन्यापर्यंत तरी वाटत होतं.

मे अखेरीस पुण्याला नणंदेचं, मृणालचं लग्न होतं. रुखवतातल्या कुरडया घरच्या प्रत्येक लग्नात ज्यांच्या हातच्या वाखाणल्या जात, त्या सासूबाई, इंदुमतीबाई, मनगट मोडून बसल्या होत्या. 'विकतच्या आणू की,' असं चुलतसासू हेमलताबाईंनी सुचवल्याचं फोनवर कळलं आणि रेवतीच्या तोंडून निघून गेलं, "मी करून आणते." पलीकडून इंदुमतीबाई म्हणाल्या, "बघ हं. जमेल तुला?" लग्नाला चार वर्षं झाली तरी ज्या घरात तिला अजून भाजी निवडण्यापलीकडे काही सोपवलं जात नव्हतं, त्या घराने विचारलेला हा प्रश्न तिला चांगलाच झोंबला. आता मागे फिरणं नव्हतं.

तिने गहू तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, वाटून गाळून चीक काढला. उरलेला चोथा कचऱ्यात टाकायचं तिच्या जिवावर आलं. अन्न टाकायचं नाही, हे तिला लहानपणापासून पाठ. म्हणून तिने तो खाली नेऊन पलीकडच्या गावातल्या रामरतीच्या चमेली नावाच्या शेळीला घातला. चमेलीने पातेलंसुद्धा चाटून लखलखीत केलं.

चीक शिजवताना गाठी झाल्या. त्या गाठी तूप-साखर घालून तिच्या नवऱ्याने, निहारने नाश्त्याला खाल्ल्या. "मस्त आहे यार, नाव काय याचं?" असं विचारून तो मानेसरच्या कंपनीच्या बसकडे पळाला. उरलेल्या बऱ्या चिकाच्या कुरडया तिने गच्चीवर जुन्या साडीवर घातल्या आणि पाणी प्यायला खाली आली. परतली तर साडीवर चमेली उभी. तिच्या तोंडातून कुरडईची टोकं मिशांसारखी लोंबत होती. पदराचाही चतकोर गेला होता.

दुसऱ्या खेपेला रेवतीने गच्चीच्या दाराला इस्त्रीचं टेबल लावलं. चिकाचा चोथा सवयीने पुन्हा चमेलीलाच गेला. कुरडया या वेळी पांढऱ्याशुभ्र उतरल्या. तासाभराने टेबल आडवं झाल्याचा आवाज आला. चार मजल्यांचे जिने चढून आलेल्या त्या शेळीला ना दम लागला होता ना लाज.

रेवतीने तिला कानाला धरून खाली नेलं आणि रामरतीच्या अंगणात उभं केलं. "आपकी बकरी ने मेरी दो बार की मेहनत खा ली! नणंद की शादी है!" रागात मराठी आणि हिंदी एकमेकींच्या पायात येत होत्या. रामरती शेणाचे हात पुसत म्हणाली, "बहूजी, मेरी चमेली कभी सीढ़ी ना चढ़ी. ये गेहूँ का चस्का किसने लगाया?"

रेवतीच्या लख्ख ध्यानात आलं. चिकाच्या वासाची गोडी आपणच लावली, पातेलं नाकाखाली धरून! तिला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. लग्नाला बारा दिवस उरले होते. तिसरी खेप शेवटचीच. दुकानातून आणाव्यात आणि गप्प बसावं, असं एकदा मनात येऊन गेलं. तिने तो विचार तिथेच झटकला.

तिसऱ्या खेपेचा चोथा तिने जपून ठेवला. कुरडया घालायच्या दिवशी, चीक शिजायला ठेवण्याआधी, तो रामरतीच्या अंगणात चमेलीच्या खुंट्यापाशी नेला आणि त्यात बाभळीचा पाला मिसळून तिच्यापुढे ठेवला. "चमेली को बाँध के रखना, बिल्कुल मत छोड़ना," तिने बजावलं. चमेलीने मन लावून खाल्लं आणि खुंट्याशीच डोळे मिटून रवंथ करत बसली. रामरती म्हणाली, "अब शाम तक ना उठे."

तरीही रेवती गच्चीवरून हलली नाही. डोक्यावर ओला पंचा, हातात केरसुणी, पाण्याच्या टाकीच्या सावलीत ती बसून राहिली. उन्हाळी गरम वाऱ्याची लू अंग भाजून काढत होती आणि पुण्यात दोन दिवस घेणाऱ्या कुरडया त्या वाऱ्यात संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळल्या. तळहाताला सोऱ्याचे फोड आले होते. तिने एकेक कुरडई उचलून डब्यात भरली, आणि पुण्यापर्यंतच्या प्रवासात तो डबा निहारच्या हातीसुद्धा दिला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी रुखवत मांडताना हेमलताबाईंनी एक कुरडई उजेडात धरून पाहिली. "छान आहेत गं. दिल्लीत कुठल्या दुकानात मिळतात?"

रेवतीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण इंदुमतीबाईंनी प्लास्टरातला हात तिच्यापुढे आडवा धरला. रेवतीचे फोड त्यांनी मघाशीच, डबा घेताना पाहिले होते.

"दुकानात अशा मिळत असत्या, हेमलताबाई," त्या म्हणाल्या, "तर पस्तीस वर्षं मी हात कशाला भाजून घेतले असते? आमच्या सुनेनं केल्यात." मग रेवतीकडे वळून म्हणाल्या, "ताट तूच मांड. मला एका हाताने नीट जमत नाही."

रेवतीने मान खाली घातली आणि सगळ्यात वरची, आधीच सरळ असलेली कुरडई पुन्हा पुन्हा सरळ करत राहिली. भरलेले डोळे एवढ्या बायकांसमोर तिला दाखवायचे नव्हते.