नावावर उडणारा कापूस

देवकाबाईने लेकीची वेणी उकलली आणि केसांची टोकं दाराच्या उजेडात धरून बट न् बट न्याहाळली. कुठं कातरलेलं दिसतं का, एवढंच तिला पाहायचं होतं. शेवंता हातातली भाकर तशीच धरून कुरकुरली.

"माये, दुखते ना वं!"

"दुखू दे. खरं सांग, बाईनं केस तोडले का तुये?"

"नाई म्हनलं ना. फनी घासली फक्त डोक्यावर. मंग कापूस आपोआप फनीले जाऊन चिकटला. सारे पोट्टे हासले."

"हात न लावता?"

"हात न लावता."

देवकाबाईच्या मनात पाल चुकचुकली. कोणी हसेल, पण तलमडुगुकडच्या त्या गावात बाई विंचरायला बसली की गळलेले केस बोटाला गुंडाळायची, त्यावर थुंकायची आणि भिंतीच्या भेगेत खुपसून टाकायची. परक्याच्या हाती केस गेला म्हणजे करणीला वाट मोकळी झाली, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि ही नवी मास्तरीण, विमलबाई, पोरींना घरून फण्या आणायला सांगते! शेवंताने नेलेल्या फणीत तर आईचे, आजीचे, सगळ्यांचेच केस अडकलेले. बरं, विमलबाईची आई कधीकाळी देवकाबाईच्या सासऱ्याच्या वावरात निंदायला यायची. भाकर वरून टाकायचे तिच्या ओच्यात. लेक शिकली, मास्तरीण झाली, पण तेवढं मनातून गेलं असेल का? देवकाबाईला वाटलं, आपण असतो तर विसरलो नसतो.

दुधाने तोंड पोळलेली बाई ती. सहा वर्षांमागे तिचा तुळशिराम तापाने फणफणला आणि चौथ्या दिवशी झटके येऊन गेला. तीन वर्षांचं लेकरू. तेव्हा करणी कोणाची ते काढायला डोमाजी भगताला बोलावलं होतं. त्याने सुपात कापसाच्या पुंजक्या मांडल्या, लाल कापडातून लाखेची कांडी काढली आणि विचारलं, "कोनाकोनावर मन जाते तुयं?" देवकाबाईने चार नावं सांगितली. शेवटचं धाकट्या जावेचं, सोजरबाईचं. लग्नाला सात वर्षं होऊनही सोजरबाईची कूस उजवली नव्हती, आणि ती तुळशिरामला घटकाघटका मांडीवर घेऊन बसायची. पहिल्या तीन नावांना कापूस हलला नाही. सोजरबाईचं नाव घेतलं आणि पुंजकी टुणकन उडून कांडीला चिकटली. भरल्या अंगणाने ते पाहिलं. त्या दिवसापासून गावाने सोजरबाईच्या हातचं पाणी सोडलं. दीर बायकोला घेऊन ओढ्यापलीकडे झोपडी घालून राहिला. पुढं तिला मुलगी झाली, तर बारशाला गावातलं चिटपाखरू फिरकलं नाही. आणि देवकाबाईने तिचं नाव पुन्हा तोंडातून काढलं नव्हतं.

आता ही एकच लेक उरली होती. तिने डोक्यावर पदर ओढला.

"चाल. नाव काढून आनतो तुयं शाळेतून."

"माये, नोको ना! मले शिकाचं हाय."

"जीव राह्यला तं शिकशीन."

शाळा म्हणजे दोन खोल्या. डिसेंबरचं ऊन कोरडं ठणठणीत होतं. पाचवीचा वर्ग भुईवर गोल करून बसला होता आणि मधे विमलबाई. वय असेल पंचविशीचं, साडीच्या निऱ्यांवर खडूची भुकटी. दारात देवकाबाई दिसताच ती उठली.

"या ना काकू. आत बसा."

"आत नाई येत. तुमी काय शिकवून राह्यल्या ते इथूनच पाह्यतो."

शेवंता मान खाली घालून मैत्रिणींत जाऊन बसली. विमलबाईने एकदा मायलेकींकडे पाहिलं, काय समजायचं ते समजली आणि पुढे शिकवू लागली. शाळेला मिळालेल्या सरकारी विज्ञानपेटीतली काचेची कांडी येतानाच फुटली होती, म्हणून तिने पोस्टातून पार्सलं बंद करायची लाख मागून आणली होती. तिने ती कागदातून सोडवली. लाल, वीतभर लांब.

देवकाबाईने चौकट घट्ट धरली. तीच कांडी! म्हणजे आपला संशय खरा होता तर. ही त्या डोमाजीचीच चेली!

विमलबाईने कांडी घोंगडीच्या तुकड्यावर खसाखसा घासली आणि भुईवरच्या कापसावर धरली. पुंजकी उडाली, चिकटली. पोरं खिदळली.

"आता पाहा हं." तिने लोट्यात हात बुडवला, ओल्या मुठीतून कांडी ओढून काढली आणि पुन्हा कापसावर धरली. कापूस जागचा हलला नाही. "काऊन नाई उडला? पान्यानं तिच्यातली वीज निघून गेली. कोरडी करून परत घासा, परत येते."

एका पोराने कोरडी करून घासली. कापूस उडाला. दुसरीने ओला हात लावला. कापूस गप्प.

देवकाबाई दारातच उभी होती, पण तिच्या डोळ्यांपुढे आता वर्ग नव्हता. डोमाजीचा लोटा होता. पहिलं नाव घेण्याआधी त्याने बोटं बुडवून कांडीवरून फिरवली होती, 'पवित्र करतो' म्हणून. दुसऱ्या नावाआधी तेच. तिसऱ्या नावाआधी तेच. आणि सोजरबाईच्या नावाआधी मात्र त्याने लोट्याला हात लावला नव्हता. डोळे मिटून, घुमत घुमत, तो कितीतरी वेळ कांडी मांडीवरच्या घोंगडीवर चोळत बसला होता. अंगात देव आला म्हणून देवकाबाईने तेव्हा हात जोडले होते.

तिचं तिलाच पटेना. ती ताडताड वर्गात आली.

"बाई, तुमी मनात मंतर म्हनत असान."

"मंग तुमीच करा काकू. तुमाले तं मंतर येत नाई ना?"

पोरं हसली, शेवंता हसली नाही. देवकाबाई भुईवर टेकली. तिने कांडी घेतली, बोटांनी चाचपली, वास घेतला. पदराने कोरडी पुसून घोंगडीवर घासली आणि कापसावर धरत ओठातल्या ओठात सोजरचं नाव घेतलं. कापूस उडाला. तिने तो झटकून टाकला, पुन्हा घासली. या वेळी स्वतःचं नाव घेतलं.

कापूस उडाला.

"कोनाचंबी नाव घेतलं तरी उडते?" तिने विचारलं.

विमलबाई गोंधळली. "नाव कायले घ्याचं काकू? कापसाले काय समजते नाव?"

देवकाबाईने कांडी हळूच खाली ठेवली. मेल्या डोमाजीचा राग यावा तर तोही धड येईना. त्याने कापूस उडवला खरा, पण नाव काही त्याच्या पदरचं नव्हतं. नाव तिने दिलं होतं. सोजरबाईचं नाव सांगताना आपला आवाज कसा चढला होता, तेही तिला आठवलं. ती उठली.

"माये, मी बसू का शाळेत?" शेवंताने भीतभीत विचारलं.

"बस. बाई सांगन ते शीक."

पाय घराकडे वळले नाहीत. ओढ्यात पाणी नव्हतं, नुसते गोटे. सहा वर्षांत ती इकडे आली नव्हती, तरी वाट पाठ असल्यासारखी चालत राहिली. काय काय बोलायचं ते तिने जुळवलं. पाय धरायचे, डोमाजीचं सांगायचं, कांडीचं सांगायचं, आणि साऱ्या गावासमोर आपल्या तोंडाने खरं सांगायचं.

सोजरबाई अंगणात तुरी झोडपत होती. केस अकाली पिकलेले. चार वर्षांची पोर शेंगांच्या ढिगाशी खेळत होती. देवकाबाईला पाहताच सोजरबाईच्या हातातली काठी थांबली. तिने पोरीला ओढून आपल्या मागं घेतलं.

"आता कोन बिमार हाय तुमच्या घरी?"

"कोनीच नाई, सोजर."

"मंग काऊन आल्या?"

देवकाबाई अंगणाच्या कडेला मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली. सोजरबाईने पोरीला झोपडीत ढकललं, बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.