मालूने वाचलेला शेवट

रेवाताईंच्या वाचकमंडळात नियम एकच होता. सध्या काय वाचताय तेवढंच बोलायचं. "आठवणींची पेटी घरी ठेवून या," असं त्या हसून सांगत, पण कुणी उघडायला लागलं की हसू गुंडाळून ठेवत. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाई. वर्ग सुटला तरी फळा सुटला नव्हता. महिन्यातून एका रविवारी वडाळे तळ्याजवळच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये पनवेलची म्हातारी माणसं जमत, हातातलं पुस्तक दाखवत, पाच मिनिटं बोलत, चहा-बिस्किटं खात आणि घरी जात.

रूबीबाईंना हा नियम जाचे. जुनं म्हटलं तर त्यांच्याजवळ पोतंभर होतं. पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी उभी उमर काढली होती. कानाला हेडफोन, समोर दोऱ्यांचा बोर्ड, आणि हातात सगळ्या गावाचे आवाज. कोण कुणावर रागावलंय, कोण खोटं बोलतंय, हे त्यांना 'हॅलो'वरून कळे. तेव्हा त्यांच्या ज्यू आळीत शनिवारी, शब्बाथला, एकाही घरात चूल पेटत नसे. मग एकेक घर इस्रायलला गेलं. कुणी लोदला, कुणी दिमोनाला. रूबीबाईंचे यजमान एलिएझर इथल्याच मातीत गेले, मुलगा एयाल अश्दोदला गेला, आणि रूबीबाई दारावरच्या मेझुझाला, देववचनं ठेवलेल्या डबीला, बोटं लावून जातायेता ती ओठांना टेकवत तिथंच राहिल्या.

मग दोन वर्षांपूर्वी डोळे गेले. अगदी मिट्ट काळोख नव्हे. नजरेच्या मधोमध डाग पडला. कडेचं दिसे, मधलं दिसत नसे. समोर माणूस बसला की त्याचे कान दिसत, तोंड नाही. पानाचा समास दिसे, ओळी नाहीत.

"मम्मी, डोळ्यांचं मी समजतो," एयाल फोनवर म्हणाला होता. "पण ज्या दिवशी तुझं डोकं दगा देईल, त्या दिवशी मी तुझं एक ऐकणार नाही. येऊन उचलून घेऊन जाईन. इथं म्हाताऱ्यांचं होम बघून ठेवलंय. तुझ्या सुनेच्या, शेरॉनच्या ऑफिसजवळच आहे."

"होममध्ये मराठी कोण बोलतं?"

"शिकशील हिब्रू."

"या वयात मी मेले तरी नवीन भाषा शिकणार नाही," त्या म्हणाल्या होत्या, आणि दोघंही हसले होते. पण अट ती अटच. म्हणून रूबीबाई मंडळाचा एकही रविवार चुकवत नसत. दर महिन्याला उभं राहायचं, नवीन पुस्तकावर धडधडीत बोलायचं. रेवाताई त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकत, रूबीबाई तो एयालला पाठवायला लावत. बघ, डोकं जाग्यावर आहे.

पुस्तकं वाचून दाखवायची मालू.

मालू मूळची कोन गावची. तिचा नवरा कमळाकर मस्कतला होता तेव्हा ती त्याच्या ट्रंककॉलसाठी एक्स्चेंजच्या बाकावर तासन्‌तास बसे. शाळा सातवीपर्यंतची. तिचं ताटकळणं बघवेना म्हणून रूबीबाईंनी तिच्या हातात लायब्ररीतली कादंबरी दिली. पहिली वाचायला तिने पावसाळा घालवला, दुसरीला दिवाळी. मग हायवेला जमीन गेली, पैसा आला, बंगला झाला, कमळाकर गेला. मुलगा धनेश बिल्डर झाला आणि बायको दिपिकाला घेऊन रोडपालीच्या टॉवरमध्ये राहायला गेला. बंगल्यात मालू आणि दोन कुत्रे. रोज दुपारी ती रिक्षा करून रूबीबाईंकडे यायची.

मालू वाचायची आणि रूबीबाई वाल सोलायच्या. मोड आलेला कडवा वाल बोटांत दाबला की साल सुटून दाणा बाहेर येतो. त्याला डोळे लागत नाहीत. वाचताना मालूचा आवाज बदलत असे. बोलताना 'हाय-नाय' करणारी बाई पुस्तकात शिरली की शाळेतल्या बाईंसारखी वाचायची. मध्येच थांबायची, पान उलटायची, पुन्हा सुरू करायची. कधी थांबणं जरा लांबायचं. चष्मा पुसत असेल, असं रूबीबाईंना वाटे.

त्या महिन्यात मिठागरावरच्या एका म्हातारीची कादंबरी होती. मुलगा शहरात गेलाय, येतो-येतो म्हणतो, येत नाही. मालूने ती तीन आठवडे वाचली. शेवटचं पान वाचताना ती दोनदा थांबली होती.

रविवारी रूबीबाई उभ्या राहिल्या. पातळाचा पदर नीट केला, पुस्तक छातीशी धरलं.

"लेखकाने सगळी कादंबरी कोरडी ठेवली आहे," त्या म्हणाल्या. "म्हातारी एकदाही रडत नाही. आणि शेवटी, ती फाट्यावर उभी असते, मुलाची गाडी येते, तो उतरतो, तिचं बोचकं उचलतो आणि म्हणतो, चल आये, आता माझ्याकडेच. मला हा शेवट जरा गोड वाटला. इतकं कडक लिहिणाऱ्या माणसाने शेवटी साखर का घातली?"

हॉलमध्ये कुणी खोकलं.

"रूबीबाई," कुंदन म्हणाले. हे बँकेतून निवृत्त झालेले, पुस्तकाला कव्हर घालून वाचणारे गृहस्थ. "मी वाचली आहे ही. गाडी थांबत नाही हो. धूळ उडवून निघून जाते. म्हातारी घरी परत येते."

"दुसरी असेल ती."

"हीच. पिवळं कव्हर."

"मग तुम्ही शेवटचं पान वाचलं नसेल."

कुणीतरी हसलं. कुंदन नाही हसले. तेच रूबीबाईंना जास्त लागलं. रेवाताईंनी त्यांच्या हातातलं पुस्तक हळूच काढून घेतलं, शेवटचं पान वाचलं. मग मागच्या रांगेकडे वळल्या. "मालूताई, तुम्हीच वाचून दाखवता ना यांना? असं होतं का पुस्तकात?"

मालू रूबीबाईंना आणायला-न्यायला येई, शेवटच्या खुर्चीवर बसे, कधी तोंड उघडत नसे. रूबीबाईंना तिच्या कानातल्या कुड्या दिसत होत्या. कुड्या हलल्या.

"आमी पुस्तकात हाय तेच वाचलं," मालू म्हणाली.

"बसा रूबीबाई," रेवाताई इतक्या प्रेमाने म्हणाल्या, की रूबीबाई खुर्ची चाचपत खाली बसल्या. त्या महिन्याचा व्हिडिओ ग्रुपवर आलाच नाही. आपत्कालीन नंबर म्हणून प्रत्येकाच्या मुलाबाळांचे नंबर रेवाताईंकडे असत. संध्याकाळी त्यांनी एयालला फोन केला. कर्तव्य म्हणून.

दुसऱ्या दिवशी मालू नेहमीच्या वेळेला आली. वाल भिजून, मोड येऊन परातीत तयार होता. बिरड्याचा सण जवळ आला होता. ज्यूंचं मंदिर, देवाचं घर, जळलं त्याचा शोक. दिवसभर उपास, आणि सुटल्यावर जमिनीवर बसून केळीच्या पानावर बिरडं.

"बस," रूबीबाई म्हणाल्या. "गाडी थांबली होती?"

मालूने वालाची मूठ उचलली. "नाय."

"मग?"

"तुझा पोर्‍या तिकडं. तुना कसं वाचून दाखवू, गाडी नाय थांबली म्हनून? माझी जीभ नाय वळली."

"आणि काल सगळ्यांसमोर?"

"तवा पन नाय वळली." मालूचा आवाज बारीक झाला. "ती रेवाबाई आधीच माझ्याकडं अशी बघते, जशी मी चपला सांभालायला आलेय. बोल्ली असती, बघा, हिला वाचता पन येत नाय."

रूबीबाई पुन्हा सोलायला लागल्या. मग त्यांच्या मनात जे आलं त्याने हात थांबला.

"होळीच्या आधी वाचलेली. ती नर्स. तिचं लग्न झालं ना शेवटी?"

मालू वाल निवडायला लागली.

"मालू."

"इहिरीत उडी टाकते ती."

"तो बोटीवरचा मुलगा?"

"मेला."

"दोघी बहिणींचा समेट?"

"व्हायला पायजे व्हता," मालू म्हणाली. "येकच पान वाढवलं मी. छोटंसं."

रूबीबाईंनी एकेक पुस्तक विचारलं. चंद्रावती नावाच्या नायिकेचं मूल जगलं होतं का. तुरुंगातला म्हातारा सुटला होता का. विचारता विचारता त्यांना कळलं, की दोन वर्षांत आपण एकही पुस्तक वाचलेलं नाही. पुस्तकांऐवजी मालूलाच वाचलं आहे. ज्या कानांनी गावभरचं खोटं पकडलं त्यांना समोर बसलेल्या बाईचं थांबणं कळलं नाही. चष्मा पुसत असेल म्हणे!

"तुला काय वाटलं, मी मोडेन?" त्या म्हणाल्या. "अगं, आमच्यात वर्षातला एक दिवस फक्त रडण्यासाठी ठेवलाय. दिवे बारीक करून, जमिनीवर बसून, विलापगीतं मोठ्याने वाचायची. दोन हजार वर्षांपूर्वी जळलेल्या घरासाठी. एक ओळ गाळायची नाही. माझे वडील वाचायचे तेव्हा कुणी म्हणालं नाही, पोरं बसली आहेत, जरा गोड करून सांगा."

"माझी चूक झाली, रूबीबाय."

"चूक निस्तर. आता एयालचा फोन येईल. त्याला सांग, जे मला सांगितलंस ते. एवढंच सांग. तो तुझं ऐकेल."

"सांगते," मालू म्हणाली. "बिरड्याला हात लावून सांगते."

फोन आला. व्हिडिओ होता, पण रूबीबाईंना एयालचे नुसते कान दिसले, बापासारखे बाहेर आलेले.

"मम्मी, रेवा मॅडमनी सगळं सांगितलं. मी तिकीट बघतोय."

"तिकीट राहू दे. मालूमावशीशी बोल आधी." त्यांनी फोन पुढे केला. मालूने आधी त्यांचा हात धरला आणि मग फोन घेतला.

"मालूमावशी, खरं सांगा. मम्मी विसरते का?"

मालू थांबली. पान उलटताना थांबायची तशी. या वेळी रूबीबाईंना ते थांबणं ऐकू आलं.

"इसरते रे बाला," मालू म्हणाली. "गॅस पन इसरते. तू ये. लवकर ये आनि घेऊन जा तिला. आयेला असं येकटं नको ठेवू."

"मालू!" रूबीबाई ओरडल्या. "एयाल, खोटं आहे हे! पुस्तकाचा शेवट हिने बदलला, मी नाही!"

"हो मम्मी," एयाल म्हणाला. रेवाताई म्हणाल्या होत्या तितक्याच प्रेमाने. "मी येतो. मग बोलू पुस्तकाबद्दल."

फोन बंद झाला. खाली भाजीवाला ओरडत गेला.

"का?" रूबीबाईंनी विचारलं.

मालू रडत होती. "माझा धनेश रोडपालीला हाय. रिक्षानं जायचं अंतर. दिवालीला येतो, पेढ्यांचा बॉक्स ठेवतो, घड्याल बघतो. तुझा सात समुद्रावरून यायला तयार हाय आनि तू नाय बोलतेस. कुनाची तरी गाडी थांबू दे ना, रूबीबाय. मना बघायचं हाय."

रूबीबाईंना हिच्यावर ओरडावंसं वाटलं, परात लाथाडावीशी वाटली. पण दुसऱ्या दिवशी सोलायला तोच वाल लागणार होता, आणि या घरातलं हे शेवटचं बिरडं, हे त्यांना कळून चुकलं होतं.

"पुस्तक आणलंस?"

"पिशवीत हाय."

"शेवटचं पान काढ. जसं आहे तसं वाच."

मालूने नाक पुसलं, चष्मा लावला. तिचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा झाला. गाडी आली, थांबली नाही. म्हातारी धुळीत उभी राहिली. मग बोचकं डोक्यावर घेऊन बांधावरून घरी आली, कुलूप काढलं, चूल पेटवली, एका माणसाचे तांदूळ धुतले.

"पुढे?"

"सपलं."

"नक्की?"

"तुझी शपथ."

रूबीबाईंनी एक दाणा सोलला, बोटांत चाचपला, वाटीत टाकला.

"चांगला आहे शेवट," त्या म्हणाल्या. "बाई आपल्या घरी तरी गेली."

मालूने पुस्तक मिटलं. जाताना ती दारात घुटमळली. "उद्या येऊ?"

"ये. वाल बराच उरलाय," रूबीबाई म्हणाल्या. "पुस्तक आणू नकोस."