झनीनचं मत

"समोरच्या दाराला हात लावू नका!" नॉर्मन्ड पेल्टिए गाडीतून ओरडला. पण तोवर मार्गॉटने तीनदा ठोकूनही झालं होतं.

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग कडी, साखळी आणि फुगलेलं लाकूड यांची बराच वेळ झटापट चालली. शेवटी दार वीतभर उघडलं आणि फटीत आल्डिना थेरिओचा पांढराफटक चेहरा दिसला.

"कोण गेलं?"

"कोणी नाही. मी कोलेट डेगलबाईंच्या प्रचारासाठी..."

"अगं मग असं दार काय वाजवतेस! मीच गेले असते ना आत्ता!" आणि दार धाडकन बंद झालं.

नॉर्मन्ड गाडीतून उतरला, घराला वळसा घालून मागच्या दाराशी गेला आणि न ठोकताच आत शिरला. वीस मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेला ॲपल पाय होता, अजून गरम.

"आल्डिना मत देईल. तिच्या बॉयलरचा फिल्टर बदलायला झालाय, शनिवारी येतो म्हणालोय," त्याने सांगितलं. "आणि बाई, सेंट अनसेल्म गावात समोरचं दार नवरीसाठी आणि शवपेटीसाठी असतं. मत मागायला मागून जायचं."

मार्गॉटने ते वहीत लिहून घेतलं. ती कनेक्टिकटहून आलेली, चाळिशीला टेकलेली, अतिशय हुशार बाई. तिच्याकडे नकाशे होते, आकडे होते, आणि कोणी कधी कोणाचं ऐकून मत फिरवतं याच्या अभ्यासाचे चार गठ्ठे होते. फक्त दार कुठलं, एवढंच कोणी तिला सांगितलं नव्हतं.

गेल्या खेपेला कोलेट डेगल अख्ख्या मतदारसंघात तीनशे आणि काही मतांनी काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आली होती. ती डेमोक्रॅट, पण तिच्या पक्षालाही ती अधूनमधून डोकेदुखीच वाटायची, आणि मेन राज्याच्या उत्तर भागात ती टिकली होती ती त्याच गुणावर. आपली माणसं येतीलच, असं मार्गॉट म्हणायची. निवडणूक फिरायची ती कुंपणावरच्यांवर, म्हणजे पक्ष एक आणि मत भलतीकडे टाकणाऱ्यांवर. सेंट अनसेल्ममध्ये असे एक्केचाळीस जण होते. प्रत्येकाशी बोलून नावापुढे एक ते पाच यातला आकडा टाकायचा. एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का त्यांचा.

सप्टेंबरात ही यादी घेऊन मार्गॉट नॉर्मन्डकडे आली तेव्हा त्याने सरळ हात जोडले होते. चाळीस वर्षं त्याने गावातले, घरं गरम ठेवणारे बॉयलर दुरुस्त केले. कोणाच्या तळघरात लोणच्याच्या बरण्या आहेत आणि कोणाच्या तळघरात लपवलेल्या बाटल्या, हे त्याला पाद्रीबाबांपेक्षा जास्त माहीत होतं. पण यातलं एक अक्षर त्याने कधी बाहेर काढलं नव्हतं, आणि लोकांच्या दारात उभं राहून भाषण करणं त्याच्या बापजन्मात झालं नव्हतं. "मला नाही जमायचं," तो म्हणाला, आणि यादी परत करता करता त्याची नजर खाली गेली. एक्केचाळिसावं नाव रोझेर सीरचं होतं.

"करतो," तो म्हणाला.

मार्गॉटला वाटलं, कोलेटबाईंचा बोलबाला म्हणतात तो हाच.

रोझेर म्हणजे नॉर्मन्डच्या बायकोचा, झनीनचा, थोरला भाऊ. लाकडाच्या गिरणीत मुकादम होता, पक्का रिपब्लिकन. नॉर्मन्ड तितकाच पक्का डेमोक्रॅट. पण तीस वर्षं दर निवडणुकीला ते तिघे रोझेरच्याच ट्रकमधून मत द्यायला जायचे. चालवायला रोझेर, खिडकीशी नॉर्मन्ड आणि मध्ये झनीन, मांडीवर पर्स ठेवून. वाटेत दोन्हीकडून तिला पटवणं चालायचं. हा नदीवरच्या पुलाचं सांगायचा, तो करांचं. झनीन समोर रस्ता बघत सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुमची दोघांची मतं एकमेकांना खातात. उरतं ते माझं. तेव्हा दोघांनीही माझ्याशी नीट वागा." तिने मत कोणाला दिलं हे मात्र कधीच सांगितलं नाही. देवाची शपथ घालून विचारलं तरी नाही.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिला पोचवून आल्यावर चर्चच्या हॉलमध्ये सँडविचं वाटली जात असताना रोझेर कोणाला तरी म्हणाला, "आमची झनीन शेवटपर्यंत आमच्याच बाजूची होती." नॉर्मन्डच्या हातात कॉफीचा कप होता. तो म्हणाला, "तुमच्या कसली? आमच्या!" पुढे काय काय बोललं गेलं ते दोघांनाही धड आठवत नव्हतं, पण शेवट ठाऊक होता. सगळ्या गावादेखत रोझेर म्हणाला, "तुझं तोंड बघायचं नाही मला." वेडीच माणसं. दुःख करायला आली होती, ते सोडून वाटणी करत बसली.

ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत नॉर्मन्डने चाळीस घरं केली. मार्गॉटला थक्क व्हायला झालं, कारण त्याच्या आकड्यांत एक आणि दोनच जास्त होते. त्याची पद्धत साधी होती. मागच्या दाराने शिरायचं, कॉफी प्यायची, तळघरात डोकावायचं, आणि निघता निघता म्हणायचं, "ती डेगलांची पोरगी वाईट नाहीये. तिच्या आजीचा बॉयलर मीच बसवलेला." एवढ्यावर माणसं विचार करायची. एक्केचाळिसाव्या घरावरून मात्र तो आठवड्यातून तीनदा गाडी नेई आणि वेग कमी न करता पुढे जाई.

शेवटी मार्गॉटच म्हणाली, "एकच राहिलाय. मी जाऊ का?"

"नको," नॉर्मन्ड घाईने म्हणाला. "तुम्ही समोरून जाल."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच समोरच्या दाराशी उभा राहिला. मागच्या दारावर आपला हक्क राहिलाय का, हे त्याला कळत नव्हतं. त्याने टोपी काढली आणि ठोकलं.

आतली धडपड बराच वेळ चालली. दार उघडलं तेव्हा रोझेरच्या अंगात पांढरा शर्ट होता, घाईत घातलेला, बटणं एक-एक घर वर.

"कोण गेलं?" त्याने विचारलं आणि मग समोर कोण आहे ते पाहिलं.

"कोणी नाही."

"मग?"

नॉर्मन्डने हातातल्या कागदाकडे पाहिलं. "कोलेट डेगल... त्यांच्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं."

"मत मागायला आलायस."

"हं."

"परक्यासारखा समोरून?"

"तूच म्हणाला होतास ना, तोंड बघायचं नाही म्हणून."

"त्या दिवशी म्हणालो होतो!" रोझेरचा आवाज चढला. "तो दिवस संपून दोन वर्षं झाली, गाढवा! आता मागून ये. हे दार उघडं ठेवलं की सगळी ऊब जाते."

स्वयंपाकघर होतं तसंच होतं. रोझेरने न विचारताच तव्यावर प्लॉयचं पीठ ओतलं. प्लॉय म्हणजे कुट्टूच्या पिठाचं जाळीदार धिरडं, एकाच बाजूने भाजायचं, उलटायचं नाही.

"तुझ्या त्या कोलेटबाईला सांग," काकवीची बाटली पुढे सरकवत रोझेर म्हणाला, "प्लॉय उलटत नाही आणि सीरही उलटत नाही."

"त्या पुलाच्या वेळेला उलटला होतास की."

"तेव्हा आमचा उमेदवार बिनडोक होता. ते उलटणं नव्हे, ती अक्कल."

नॉर्मन्डने पहिला घास घेतला आणि थांबला. चाळीस वर्षांचं नाक होतं ते. "बॉयलर कोण बघतो तुझा?"

"कोणी नाही."

"दोन वर्षं?"

"चालतोय ना."

"चालतोय कसला, धूर ओकतोय. मरशील एखाद दिवशी झोपेत."

"मग बरंच आहे की. तुमच्याविरुद्धचं एक मत कमी."

नॉर्मन्डने काटा खाली ठेवला आणि तो तळघराच्या पायऱ्या उतरला. बॉयलर काजळीने माखला होता. शेजारी तारेला दुरुस्तीचं कार्ड लटकत होतं. दर ऑक्टोबरची तारीख एकाखाली एक, सगळ्या तारखा झनीनच्या गोल अक्षरात. नॉर्मन्डचे हात तेलाने भरलेले असत, म्हणून ती बरोबर यायची आणि लिहायची. तारखेपुढे जागा उरली की काहीबाही शेरे मारायची. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'नॉझल नवीन. रोझेर, इथे बटाटे ठेवू नकोस, कोंब येतात.'

नॉर्मन्डने वळून पाहिलं. तळघरात एकही बटाटा नव्हता.

"दुसऱ्याला बोलावणार होतो," वरच्या पायरीवरून रोझेर म्हणाला. तो खाली येत नव्हता. "पण हल्लीचे लोक आले की नवं कार्ड लावतात. जुनं फेकून देतात."

  नॉर्मन्डने गाडीतून हत्यारांची पेटी आणली आणि दोन तास काजळी काढली. मग जुन्या कार्डाला हात न लावता त्याच्या मागे नवं कोरं कार्ड अडकवलं आणि तेलकट बोटांनी, वेड्यावाकड्या अक्षरात तारीख घातली.

वर आल्यावर रोझेरने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. "विचार आता."

"काय?"

"मत. ज्याच्यासाठी आलास ते. मागितलंस तर देईन. एकदाच मागायचं, सरळ."

तीनशे मतांची निवडणूक होती. मार्गॉट असती तर तिने टेबलावरून उडी मारली असती. नॉर्मन्ड कपाच्या कानाशी खेळत राहिला.

"मी मतासाठी नाही आलो रे," तो म्हणाला. "यादीत एक्केचाळीस नावं होती. शेवटचं तुझं. ते बघूनच हो म्हणालो. चाळीस घरं हिंडलो ते तुझ्या दारात यायला तोंड हवं म्हणून."

"म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवत होतास. चाळीस घरं!"

"हो."

रोझेरने पाठ फिरवली आणि तवा उगाचच पुसला. मग त्याने विचारलं, "नॉर्म, खरं सांग. कुणाला देत होती ती?"

"माहीत नाही."

"शपथ?"

"शपथ. मला वाटायचं तुला सांगत असेल."

"मला वाटायचं तुला," रोझेर म्हणाला, आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसतोय की रडतोय हे नॉर्मन्डला मागून कळलं नाही. त्याचं स्वतःचंही त्याला कळत नव्हतं.

संध्याकाळी मार्गॉटने विचारलं, "रोझेर सीर. किती टाकू?"

"काही नका टाकू."

"पण ते घरी होते ना?"

"होता. घरचाच आहे तो. त्याला यादीतून काढा."

मार्गॉट त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पेन घेऊन ते नाव खोडलं. तेवढंच तिने गठ्ठ्यांना न विचारता केलं असेल.

मतदानाच्या दिवशी सकाळी आठला मागच्या दाराशी भोंगा वाजला. नॉर्मन्ड कोट चढवत बाहेर आला. रोझेरचा तोच जुना ट्रक, तेच लांब बाक. नॉर्मन्ड खिडकीशी बसला. मधली जागा रिकामी राहिली. तिथे दोघांच्या टोप्या ठेवायला चांगली जागा होती, पण टोप्या त्यांनी मांडीवरच ठेवल्या.

"आपली मतं एकमेकांना खाणार," रोझेर म्हणाला. "जायचं कशाला?"

"चल गुमान."

 नदीच्या पुलावर चाक चढलं तसा रोझेर खाकरला. "आता बघ, तुझ्या कोलेटबाईने या पुलाचं काय केलं? दोन वर्षं नुसत्या पाट्या लावल्यात."

"आणि तुमच्याने काय केलं होतं? पाट्यासुद्धा नव्हत्या!"

"करांचं बोल आधी."

"बोलतो ना, बोलतो!"

आवाज चढत गेले. रोझेर एका हाताने समजावत होता, नॉर्मन्ड बोटं मोजत होता, आणि दोघेही एकमेकांकडे न बघता मधल्या रिकाम्या जागेकडे बघून बोलत होते.

टाउन हॉलपाशी ट्रक थांबला. नॉर्मन्ड खाली उतरला आणि दार धरून उभा राहिला. रोझेर आपल्या बाजूने उतरला, पुढून वळसा घालून आला, आणि शेजारी येऊन उभा राहिला. झनीनला उतरायला नेहमी जरा वेळ लागायचा. तेवढा वेळ जाऊ दिल्यावर नॉर्मन्डने दार हळूच लावलं.