बंडीतलं वजन

मी तोंडाची फटकळ. गारखेड्याच्या भाजीबाजारात कुणालाबी विचारा. गिऱ्हाइकानं टोमॅटो दाबून बघितला की मुक्ताबाई त्याचा उद्धार करणारच. आमचे मालक, कागदावरचं नाव सांडू, तराजू धरून नुसते हसायचे. तीस वर्षं एका गाड्यावर काढली आम्ही. भांडायचं मी, तोलायचं त्यांनी. मापात पाप कधी केलं नाय माणसानं, उलट वरून दोन मिरच्या टाकायचे.

त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणले, आधी केमो, मग ऑपरेशन, पण वजन घटू देऊ नका, घटलं तर औषध झेपायचं नाय. झालं! मी तेवढंच धरून बसले. बाजरीची भाकरी, शेपू, ठेचा, सगळं त्यांच्या आवडीचं करायचं आन समोर बसून घास मोजायचे. घास तोंडात घोळवला की माझं सुरू, "गिळा की! अन्नाला नावं ठेवता व्हय?"

एका दिवशी त्यांनी ताट सरकवलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मरायचंच असंल तर तसं सांगा, मी चूल तरी पेटवत नाय." त्यांनी गुमान ताट ओढलं आन सगळं संपवलं. मला वाटलं, बसली जरब. जीभ झडायला पाहिजे होती माझी.

दवाखान्यात दर केमोच्या आधी वजन करायचे. सहा आठवडे काटा बावन्नवरच. बाकावर बसलेल्या बायांना मी तोऱ्यात सांगायचे, "खाऊ घालायला दम लागतो बाई."

तिथं आहाराच्या वहिदा मॅडम आन मनाचं बघणाऱ्या मोनिका मॅडम एकाच खोलीत बसतात. जेवणाचं ठीक, पण त्यात मनाचं काय बघायचं, असं मला वाटायचं. त्या दिवशी वहिदा मॅडमनं टेप लावून मालकांचा दंड मोजला. कागद बघितला, परत मोजला.

"दादा, वजन तेवढंच आहे, मग दंड इतका बारीक कसा झाला?"

मालक खाली बघायला लागले. मी लागलीच, "सांगा की, तोंड शिवलंय का?"

"मावशी," मोनिका मॅडम म्हणल्या, "त्यांना बोलू द्या थोडं."

मालकांनी सदऱ्यात हात घातला आन बंडीच्या आतल्या खिशातून किलोची दोन वजनं काढून टेबलावर ठेवली. आमच्याच गाड्यावरची.

"आधी अर्ध्या किलोचं पुरायचं," ते म्हणले. "वजन घटलं की ही चिडती, मग मागच्या दारी जाऊन रडती. मला बघवत नाय."

वहिदा मॅडमनं त्यांना तोंड उघडायला लावलं. आतून सगळे पांढरे फोड. त्यावर मी ठेचा चारत होते! आन संपवलेलं ताट ते न्हाणीत जाऊन ओकत होते, हे मला तिथं कळलं. केमोचा डोस वजनावर ठरतो म्हणे. खोट्या वजनावर औषध चाललं होतं माझ्यापायी. केमो आठवडाभर पुढं गेलं.

वहिदा मॅडमनं सांगितलं, गार मुगाची पेज, दही-भात, दोन-दोन तासांनी वाटीभर. मोनिका मॅडमनं मला एकटीला बसवून सांगितलं, वाटी ठेवायची आन उठायचं, मोजायचं नाय, बोलायचं नाय.

दोन दिवस मी मुकी झाले. वाटी ठेवायची आन उंबऱ्यावर जाऊन बसायचं. काळीज नुसतं तुटायचं.

तिसऱ्या दिवशी आतून हाक आली, "मुक्ते, इकडं ये." वाटी तशीच भरलेली. चेहरा पांढराफटक.

"मॅडमनी तुला बाजूला घेऊन काय सांगितलं? मी वाचत नाय का?"

"अहो, काय बोलता हे?"

"मग तू बोलत का नायस? तीस वर्षांत कधी गप बसली नायस. दे की चार शिव्या."

मी तोंड उघडलं. एक शिवी आठवंना. "माझं चुकलं हो," एवढंच निघालं, आन मी ढसाढसा रडायला लागले, त्यांच्यासमोरच.

मला वाटलं, ते म्हणतील, जाऊ दे, तू माझ्यासाठीच केलंस. तसं म्हणले नायत.

"व्हय, चुकलं," ते म्हणले. "लई चुकलं." मग वाटी माझ्याकडं सरकवली. "आता भरव. पण बघू नको माझ्याकडं."

मी तोंड फिरवून चमचा पुढं केला. निम्मी पेज त्यांच्या सदऱ्यावर सांडली. मी दुसरा चमचा भरला.