सरकतं रिंगण

मैदानावर त्या रविवारी सकाळी हातभर लांबीची तीन विमानं होती, पैकी उडण्याजोगी दोन. इंधनाचा एक डबा. मधोमध ठोकलेली एक खुंटी, तिच्याभोवती चुन्याने आखलेलं रिंगण, आणि चुन्यापासून वीसेक फूट बाहेर बांबूंना बांधलेला दोर. दोरापलीकडे नऊ चटया, त्यांवर बघायला आलेली मराठी मंडळाची बेचाळीस माणसं, त्यांत सतरा मुलं. पोह्यांचं एक पातेलं. विमान उडवता येणारी माणसं दोन.

शेवटचा आकडा थोड्याच वेळात एकावर आला. उमाकांतने इंजिन चालू करायला पंख्याचं पातं बोटाने फिरवलं, इंजिनाने उलटा झटका दिला आणि पात्याने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं चांगलीच चिरली. हातावर रुमाल गुंडाळत तो म्हणाला, "आता काय दाखवायचं लोकांना? माझी बोटं?"

मोजणारी प्रतिमा नाडगौडा होती. मोजायला तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण कुठेही गेलं की तिचे डोळे आपोआप मोजू लागत. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती बेळगावहून बंगळूरला एका प्रयोगशाळेत लागली होती, आणि यशवंतपूरच्या पलीकडच्या या माळावर विमानांची हौस असलेली मंडळी जमतात हे कळल्यापासून दर रविवारी येत होती. स्टॉपवॉच तिच्याकडे असे. इंधनही तीच कालवी: ईथर, रॉकेल आणि एरंडेल. विमान मात्र तिने चारदाच चालवलं होतं, तेही कोणीतरी वर चढवून दिलेलं. चढवणं आणि उतरवणं हे उमाकांतचं काम, नाहीतर रत्नाकरअण्णांचं.

अण्णा आज उडवणार नव्हते. क्लब त्यांनीच काढलेला. बंगळूरच्या बसवनगुडीत वाढलेली त्यांची ही तिसरी पिढी. घरात मराठी, पण बोलताना निम्मे शब्द कानडी. विमान कारखान्यात फोरमन होते, आणि बंगळुरात त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही असं सगळे मानत. सकाळपासून ते लांब आपल्या गाडीच्या सावलीत एकटेच बसले होते. उमाकांतने हाक मारली तसे उठले आणि चालत आले. चालताना एकदा तोल गेला, म्हणून त्यांनी विमानाच्या पेटीवर हात टेकला.

"ईथर चढलं!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले.

हा क्लबातला जुना विनोद होता. इंधन कालवणाऱ्याचं डोकं ईथरच्या वासाने हलकं व्हायचं, पाय भलतीकडे पडायचे. मग त्याला वाऱ्यावर उभं करायचं आणि दहा मिनिटं चिडवायचं. एकदा प्रतिमाही अशी झुलली होती.

"अण्णा, स्वल्प वाऱ्यावर उभे राहा की," उमाकांत म्हणाला.

"तू गप रे, बोटं सांभाळ," अण्णा म्हणाले. त्यांच्या अंगालाही तोच ईथर-एरंडेलाचा वास होता. मैदानावर सगळ्यांच्याच अंगाला असे. तोच वास प्रत्येकाच्या नाकात भरलेला होता.

हे विमान दोन तारांवर उडायचं. पन्नास फुटी पोलादी तारा, एका टोकाला विमान, दुसऱ्या टोकाला मूठ. मूठ धरणारा खुंटी दोन पायांमध्ये घेऊन विमानाबरोबर स्वतःभोवती फिरत राहायचा. मूठ वर कलली की विमान चढायचं, खाली कलली की उतरायचं. मूठ सुटू नये म्हणून तिचा चामडी पट्टा मनगटाला बांधायचा. अण्णांनी पट्टा बांधला. बक्कल लावायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला, पण तोपर्यंत प्रतिमा स्टॉपवॉच घेऊन दोराकडे वळली होती.

उमाकांतने डाव्या हाताने विमान सोडलं. ते गवतावरून धावलं, उचललं गेलं, आणि मुलांनी एकच गिल्ला केला. ताशी साठ मैलांनी जाणारी, दीड शेर वजनाची ती लाल वस्तू भणाणत डोक्यांच्या उंचीवरून गेली.

"बाई गं," चटईवरून अंबूबाई म्हणाल्या. त्या प्रतिमाच्या आई. बेळगावहून पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या, गुडघे धरलेले असूनही लेक रविवारी कुठे जाते ते बघायला हट्टाने आल्या होत्या, आणि सगळ्यांत पुढच्या चटईवर दोराला लागून बसल्या होत्या. "माशीच जणू. केवढी ती माशी!"

प्रतिमाने फेऱ्या मोजायला सुरुवात केली. पाचव्या फेरीला तिला खुंटी दिसली.

खुंटी दिसायला नको होती. ती अण्णांच्या दोन पायांमध्ये असायला हवी होती. वारा पाठीशी घेऊन विमान लोकांच्या बाजूला आलं की तारांची ओढ वाढायची आणि अण्णा एक पाऊल पुढे यायचे. तसं सगळेच येतात. पण विमान पलीकडे गेलं की ते पाऊल मागे घ्यायचं असतं, आणि अण्णा ते घेत नव्हते. म्हणजे प्रत्येक फेरीला रिंगणाचा मध्य दीड फूट दोराकडे सरकत होता आणि त्याच्याबरोबर सबंध रिंगण.

ईथर एवढा वेळ टिकत नाही, तिच्या मनात आलं. आणि लगेच पुढचं: ईथर अण्णांना चढेलच कसं? इंधन तर आज मी कालवलं.

तिने स्टॉपवॉच गळ्यात टाकलं आणि उमाकांतला गाठलं. "अण्णा प्यायलेत."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"खुंटी बघ."

उमाकांतने खुंटी बघितली. मग अण्णा, मग दोर. "अण्णा! मागे! मागे या!" तो ओरडला, पण इंजिनाच्या आवाजात त्याचं त्यालाही ऐकू गेलं नसेल.

"टाकी किती भरलीय?"

"काठोकाठ. पाच मिनिटं तरी चालेल."

पाच मिनिटांत ऐंशी फेऱ्या. पुढे गणित करायची गरज नव्हती. दहा-बारा फेऱ्यांतच विमान दोरावर येणार होतं.

"तू लोकांना मागे ने. पळवू नकोस, पळाले तर मुलं रिंगणात शिरतील. आईला एकटीला उठता येत नाही, तिला आधी बघ."

"आणि तू?"

"मी आत जाते."

"मूठ धरलेल्या माणसाला हात लावायचा नाही, प्रतिमा. तार सैल पडली की विमान सुटतं, मग कोणाच्या बापालाही आवरणार नाही."

"म्हणूनच हात धरायचा. ओढायचा नाही." ती निघालीही होती.

चुन्याच्या रेघेवर ती ओणवी झाली. विमान डोक्यावरून गेलं तसे केस उडाले आणि तोंडावर एरंडेलाचे थेंब आले. ती तारांच्या मागोमाग, तारा पुन्हा फिरून यायच्या आत, वाकूनच मध्याकडे धावली. तारा दिसत नव्हत्या, नुसती शीळ ऐकू येत होती. अण्णांच्या पाठीशी पोचली तेव्हा पहिल्यांदा तिला दुसरा वास आला. ब्रँडीचा. इतक्या जवळून तो लपत नव्हता.

"अण्णा."

"कोण? बाहेर हो! रिंगणात बाई कशाला आली?"

"मी प्रतिमा. मूठ द्या अण्णा, मागे सरकायला हवं."

"मूठ?" ते हसले. "मूठ देतोय! त्या उमाकांतने पाठवलं ना तुला? म्हाताऱ्याच्या हातात आता काही राहिलं नाही म्हणाला ना?" बोलता बोलता त्यांचा हात खाली गेला. विमान मातीला टेकतंय असं वाटेपर्यंत खाली आलं आणि त्यांनी मूठ झटकली तसं उसळून वर गेलं. दोराकडून किंकाळ्या आल्या. लोक उठत होते. उमाकांत डाव्या हाताने अंबूबाईंची चटई ओढायला बघत होता, आणि त्या त्याच्या हातावर चापट्या मारत होत्या.

प्रतिमाने अण्णांच्या मनगटाकडे बघितलं. पट्टा घट्ट होता. मूठ काढून घेता येणारच नव्हती. जे करायचं ते त्यांच्याच हाताने.

ती त्यांच्या उजव्या बाजूला चिकटून उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर फिरू लागली. "अण्णा, उमाकांतने नाही पाठवलं. तो मला उतरवायला शिकवत नाही. म्हणतो, बायकांना जमणार नाही."

"त्याला स्वतःला कुठे येतं? माकडासारखं आपटतो."

"म्हणून तुमच्याकडे आले. हात धरून शिकवा."

"आत्ता?"

"टाकी संपेपर्यंत. तुम्ही सांगा, मी करते."

विमान पुन्हा लोकांच्या बाजूला आलं. ओढ वाढली, अण्णांनी पाऊल पुढे टाकलं, आणि त्याच क्षणी दोराजवळ काहीतरी फाटलं. दोराला लावलेली एक कागदी पताका तुटून हवेत गिरकी घेत होती. प्रतिमाने तिकडे मान वळवली नाही. वळवली असती तर चक्कर आली असती; फिरताना नजर विमानावरच ठेवायची असते.

"धर," अण्णा म्हणाले.

तिने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला, बोटांवर बोटं. हात गार आणि ओला होता. "आता काय करू?"

"नुसतं धरून ठेव. दाबू नको. ओढ कळते का?"

"कळते. मागे जाऊ का? वारा तिकडून आहे."

"जा ना. विचारते काय! वाऱ्यात मागे रेटायचं असतं, तेवढंही माहीत नाही?"

फुगडी घालणाऱ्या दोघी जशा एकमेकींच्या वजनावर तोलून राहतात तसे ते दोघं फिरत होते. फरक एवढाच की यांतल्या एकीला सोडून द्यायची मुभा नव्हती. विमान पलीकडे गेलं की प्रतिमा खांद्याने त्यांना मागे रेटायची, एक पाऊल. लोकांच्या बाजूला आलं की टाचा रोवून उभी राहायची. एक फेरी, एक पाऊल. पुन्हा एक पाऊल. अण्णांचं वजन हळूहळू तिच्यावर येत होतं.

"स्वल्प वर," ते म्हणाले. "सरी, ठीक. एवढंच." हात दारू प्यायलेला होता, पण तोंडातून सूचना अचूक येत होत्या. मध्येच थांबले. "प्रतिमा, जमीन फिरतेय गं."

"जमिनीकडे बघू नका. विमानाकडे बघा."

"दोन दिसतायत."

"कुठलं खरं आहे ते मी बघते. तुम्ही फक्त सांगत राहा."

"उलटी होणार मला."

"होऊ दे. हात हलवू नका."

उलटी झाली. तिच्या पदरावर, चपलेवर. हात हलला नाही. किंवा हलला तो तिने हलू दिला नाही. खुंटी आता तिच्या टाचेला लागली. तिथेच तिने पाय रोवला आणि अण्णांचा सगळा भार कमरेवर घेऊन फिरत राहिली. किती फेऱ्या झाल्या हे त्या सकाळी पहिल्यांदाच तिला माहीत नव्हतं.

मग इंजिन फुरफुरलं आणि बंद पडलं.

त्या शांततेत तारांची शीळ तेवढी उरली. "आता," अण्णा पुटपुटले, "आता खाली नको करू. सगळे इथेच चुकतात. त्याला आपणहून उतरू दे. चाकं टेकायला आली की स्वल्प वर. स्वल्प."

विमान वेग सोडत उतरू लागलं. तिला मूठ खाली कलवावीशी वाटत होती. सबंध हात तेच मागत होता. तिने कलवली नाही. गवताच्या शेंड्यांवर आल्यावर तिने बोटाच्या रुंदीएवढी मूठ वर केली. चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली, आणि विमान अर्धी फेरी धावून थांबलं.

अण्णा खाली बसले ते आडवेच झाले. प्रतिमाने गुडघे टेकून त्यांच्या मनगटाचा पट्टा सोडवला. चामड्याखाली लाल वळ उठला होता. त्यांनी डोळे उघडले.

"कोणाला लागलं?"

"नाही."

"खोटं सांगू नको."

"नाही लागलं, अण्णा."

ते कोपरावर टेकून अर्धवट उठले. मग हात पुढे केला. मदतीसाठी असेल म्हणून तिने तो धरला, पण त्यांनी तिच्या हातात तारांसकट मूठ ठेवली. "घेऊन जा. माझ्याकडे नको." ते का प्यायले होते हे तिने विचारलं नाही, आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

दोराजवळ उमाकांत मुलांना पोहे वाढू लागला होता. त्याचा रुमाल लालभडक झाला होता. अंबूबाई आपल्या चटईवर होत्या तशाच बसल्या होत्या.

"हा मेला मला फरफटवत होता," त्या उमाकांतकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मी म्हटलं, माझी लेक तिकडे आत आहे, मी कुठे जाऊ? आणि तू गं, काय ही साडीची दशा! कोण तो माणूस?"

"आमचे अण्णा."

"चांगला आहे का?"

प्रतिमाने मळलेला पदर कमरेला खोचला. तिने पिशवीतून टेप काढला आणि उमाकांतला एक टोक धरायला सांगितलं. पताका तुटली होती तिथे दोरावर सुतळीची गाठ अजून होती, तिच्यात विमानाच्या लाल रंगाचा टवका अडकलेला.

"आता माझी कसली मापं घेतेस?" अंबूबाई म्हणाल्या.

"हलू नकोस, आई."

तिने टेप गाठीपासून आईच्या कपाळापर्यंत ताणला आणि आकडा दोनदा वाचला. एक फूट सात इंच.